एका चमच्याचं विरजण

पर्वत पाटिया, सुरत
९ ऑगस्ट १९९८

चि. अरविंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चार पानं तुझ्या प्रयोगशाळेतल्या प्रथिनांच्या गुठळ्यांची, बाबांना दोन ओळी. राखीला येणार होतास, आता दसरा म्हणतोस. परवा बाबा कडोदऱ्याच्या नाक्यावर सापडले. चलथाणच्या साखर कारखान्यात हजेरी लावायला निघाले होते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. रोज सकाळी दूधवाल्या भटूला अरविंद म्हणून आत बसवतात आणि परीक्षेचं विचारतात. तो बिचारा चहा पिऊन जातो. डॉक्टर म्हणाले, चेहरे ओळखतात तोवर मुलाला बोलावून घ्या. मला बँकेत आता रजा शिल्लक नाही.

एवढा शिकलास, तर सांग, बाबांच्या डोक्यात तुझी कुठली गुठळी आहे?

रागावले तरी माया आहेच.
तुझी ताई

हैदराबाद
२० ऑगस्ट १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

माणूस हयात असताना ते कोणालाच सांगता येत नाही. मला एवढंच दिसलं होतं की या विसरण्याच्या आजारात मेंदूत साचणारं एकच प्रथिन नळीत हलवत ठेवलं तर एका जातीच्या गुठळ्या होतात, स्थिर ठेवलं तर दुसऱ्या. युरियाच्या पाण्यात पहिल्या विरघळतात, दुसऱ्या दगडासारख्या बसून राहतात. जूनपासून मात्र दोन्ही दगड. सर म्हणतात, मुळात फरक नव्हताच, तूच चुकीचं मोजलंस. सगळ्या नळ्या फोडाव्याशा वाटतात. दसऱ्याला जमणार नाही.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.
अरविंद

सुरत
१ सप्टेंबर १९९८

चि. अरविंद यास आशीर्वाद.

नको येऊस. काल बाबांना अल्बम दाखवला. तुझ्या फोटोवर बोट ठेवून हा कोण म्हणाले. मी नाव सांगितलं, तर मलाच हसले. म्हणाले, अरविंद तर रोज सकाळी दूध घेऊन येतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझ्या गुठळ्यांचं काय ते मला पुन्हा लिहू नकोस.

ताई

हैदराबाद
९ सप्टेंबर १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

नको म्हणालीस तरी एकदाच लिहितो. चूक सापडली. नव्या गुठळ्या करताना जुन्यांतला थेंबभर अंश टाकावा लागतो, विरजणासारखा. आमच्याकडे पिपेटची, म्हणजे थेंब मोजून घालायच्या नळीची, प्लास्टिकची टोकं धुऊन पुन्हा वापरायची पद्धत आहे. कडक गुठळीचा अंश टोकाला चिकटून राहिला आणि सगळ्यांना आपल्यासारखं करत गेला. आई गोड नि आंबट दह्याला वेगळे चमचे ठेवायची. आपण एकच घातला की किती बोलायची, आठवतं? मी तेच केलं.

सर म्हणतात, आज नव्याने सुरुवात कर, वर्ष वाचेल. पण मूळच्या गुठळ्या फ्रीजरमध्ये आहेत, दोन्ही जातींच्या. त्या तिथे वर्षानुवर्षं टिकतील. बाबांचं तसं नाही. मी शुक्रवारच्या गाडीने निघतोय, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने.

भटूला सांग, शनिवारी आत न जाता दूध दाराबाहेर माझ्याकडे दे. मी घेऊन येईन. मला भटू समजले तरी अरविंद म्हणून आत बोलावतील, परीक्षेचं विचारतील.

तुझा
अरविंद