कोरा पट्टा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की ती मुद्दाम चढणार, हे मला पाठ आहे. इकडे सगळं ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू लगेच "असू दे" म्हणतोस आणि माझं बोलणं तिथंच खुंटतं. पत्राला मधेच तोडता येत नाही.

तर बातमी अशी. तू अकरा वर्षांपूर्वी निकेलचा मुलामा दिलेला एक शाफ्ट परवा कारखान्यात परत आला. वाळू उपसणाऱ्या पंपातला. पंप मोडीत निघाला, शाफ्ट मात्र धडधाकट! वाळूनं पंपाचं पोलाद खाल्लं, पण तुझा केसाएवढा थर तिला खाता आला नाही. मालकांनी त्याचा तुकडा कापून नव्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दादा, काय सांगू! झीज रोखायला निकेलच्या टाकीत मिसळतो त्या कठीण पुडीचे काळे कण इतके सारखे पसरलेले, की वाटलं एकेक कण हातानं लावलाय. आमच्या तपासनीस बाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "हा माणूस कोण?" मी छाती फुगवून सांगितलं, माझा भाऊ.

तुझे ते दोन काचेचे पेले आठवले. एकात मुलाम्याच्या टाकीतलं वरचं पाणी, एकात तळाचं, दोन्ही खिडकीत. ढवळणी नीट फिरत असेल तरच पूड दोन्हींत सारखी बसते, आणि ते बघितल्याशिवाय तू टाकीत काही सोडायचा नाहीस. मी तुला डॉक्टर म्हणून चिडवायचे. आता ते खातं माझ्याकडे आहे आणि मी रोज तेच करते.

मग मालकांना सुचलं, त्यांच्या टेबलावरचा तो बदनाम शाफ्टही कापून बघू. दीड महिन्यात झिजून परत आलेला. "पूड कमी टाकली" म्हणून ज्याच्यापायी तुला नोकरी सोडावी लागली, तोच. अकरा वर्षं कागदांवर वजन म्हणून पडलाय. म्हटलं, कशाला उगाच जुनं उकरता. पण त्यांनी कापलाच.

आत कण भरपूर होते. खाली दाट, अगदी वरच्या पातळ सालीतही दाट. मधे मात्र एक कोरा पट्टा. नुसतं निकेल. वरची साल गेल्यावर वाळूला अडवणारं तिथं काहीच नव्हतं. मालकांनी पट्ट्याची जाडी मोजली. मग म्हणाले, "पूड कमी नव्हती. ढवळणी मधेच बंद होती."

तो शाफ्ट टाकीत होता त्या दिवशी तू जेवायला गेला होतास. मला मैत्रिणीचा फोन आला, ढवळणीच्या मोटारीच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून मी ती बंद केली. गप्पांत चाळीस मिनिटं गेली आणि पूड सगळी तळाला. तू यायच्या आत चालू केली. वाटलं, कुणाला काय कळणार.

पुढं शाफ्ट परत आल्यावर मालक तुझ्यावर ओरडत होते, तेव्हा तू चांगला भांडत होतास. सकाळी पेले सारखे होते, मग मधेच काहीतरी... असं म्हणता म्हणता तुझं लक्ष माझ्याकडे गेलं. मला कामाला लागून तीनच महिने झाले होते. तू थांबलास. अ‍ॅप्रन खुंटीला अडकवलास आणि म्हणालास, "माझंच चुकलं असेल." तुला काही कळलं नव्हतं, अशी मी अकरा वर्षं स्वतःची समजूत घालतेय. तुला तेव्हाच कळलं होतं, दादा. तुझ्यासारखा कारागीर लोकांचे पाण्याचे मीटर दुरुस्त करत बसला, आणि तू मला कधी एक टोमणासुद्धा मारला नाहीस.

काल मी सगळ्यांसमोर सांगितलं, ढवळणी मी बंद केली होती. आज सकाळी मालक म्हणाले, तुझ्या भावाला मी स्वतः जाऊन भेटतो. पुढच्या रविवारी येतील. माझ्या नोकरीचं त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि तू माझ्यासाठी रदबदली करायची नाहीस. एवढं तरी मला झेलू दे.

तुझे पेले घासून खिडकीत ठेवलेत.

पूर्वी मी खाली "तुझी लाडकी" लिहायचे. यापुढे तसं लिहू की नको, ते तू सांग. तोवर नुसतीच,

चिंगी