अध्यक्षांच्या मुलीची शाळा

१८ जून
शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले आणि डोकं फिरलं. गेल्या वर्षीच्या वाचन चाचणीत आमची जिल्हा परिषद शाळा केंद्रातल्या सगळ्या शाळांत शेवटून पहिली. दुसरीचा धडाही वाचता न येणाऱ्यांच्या यादीत आमची सायली. चौथीत गेलीय पोरगी! आणि मी कोण? शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. अध्यक्षाच्या पोरीची ही गत, तर बाकीच्यांनी काय करायचं? शिवशंकरच्या हॉटेलात चहासुद्धा गोड लागला नाही. दोन घेतले.
संकल्प : पंधरा ऑगस्टच्या आत एक तर सायलीची शाळा बदलणार, नाही तर ही शाळा सुधारून दाखवणार. तोवर रोज पहाटे पाचला उठून स्वतः शिकवणार.

१९ जून, सकाळी ८.१०
गजर बंद करायला उठलो होतो. म्हणजे उठलो असंच धरायला हवं.

२० जून
आज शिकवलं. सायली जोडाक्षराला अडली. मी आवाज चढवला. ती रडली. बायको, योगिता, स्वयंपाकघरातून म्हणाली, लेकराला वाचायला शिकवायलात का गुन्हा कबूल करून घ्यायलात? घरातच शिक्षणाविषयी ही उदासीनता! माणसानं किती ठिकाणी लढायचं?
घरी शिकवणं बंद. हे काम शाळेचं आहे.

२५ जून
सायलीला घेऊन बीडला, इंग्रजी शाळेत. तिथं आधी आईबापाची मुलाखत घेतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, मुलीच्या वाचनासाठी तुम्ही काय करता? प्रश्न मला पूर्ण समजला. उत्तर मराठीत आलं आणि जरा लांबलं. समितीची रचना, अध्यक्षांचे अधिकार वगैरे. सायली तेवढा वेळ काचेच्या पेटीतले मासे बघत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, सीट फुल.
घरी सांगितलं, त्यांचा सिलॅबस आपल्याला सूट होत नाही.

३ जुलै
शेजारच्या गावची जिल्हा परिषद शाळा लई नावाजलेली. सरकारी असून वेटिंग लिस्ट! आसपासच्या गावांतली पोरं तिथं येतात. बबिता मॅडमनी सायलीला जवळ घेतलं, पुस्तक दिलं, चुकली तरी रागावल्या नाहीत. मग मला विचारलं, घरी रोज किती वाचून घेता? मी सांगितलं, मी अध्यक्ष आहे. त्यांनी तोच प्रश्न परत विचारला. ऐकायला कमी येत असावं. दिवाळीनंतर जागा झाली तर बघू म्हणाल्या, तोवर रोज दहा मिनिटं पोरीजवळ बसा.
दहा मिनिटांत काय होतं? मोटरसायकल सुरू व्हायला तेवढी लागतात.
परतताना सायली मागून म्हणाली, पप्पा, ती शाळा लई चांगली हाय, मला तितंच घाला. माझा शर्ट घट्ट धरून बसली होती. बघू म्हणालो. वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

४ जुलै
दहा मिनिटं बसणार होतो. फोन आला.

५ जुलै
आज मीच फोन केला. महत्त्वाचा होता.

१० जुलै
आता आरपार. शाळेला टाळं ठोकलं! सगळं गाव येणार होतं. आलो मी आणि शिवशंकर. तोही गिऱ्हाईक आलं म्हणून गेला. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं कुलूप आणलं होतं, ते गेटला बसवलं. पोरं हुर्यो करत पांगली. त्यांना आंदोलनाचं महत्त्व पटलेलं दिसलं.
तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई आल्या. आरं सोमेश्वरा, तांदूळ आत भिजायलेत, लेकरं उपाशी ठिवतूस का? मग पोरांच्या आयाही आल्या. मी शांतपणे मागण्या समजावत होतो, पण कुणाला गुणवत्तेचं पडलेलंच नाही. अकरा वाजता कुलूप काढलं.
आंदोलन तूर्त स्थगित. नैतिक विजय आपलाच.

१७ जुलै
तालुक्याच्या शिक्षण विभागाला तीन पानी तक्रार. मुख्याध्यापक अंगद सरांची सखोल चौकशी करा, दोषींवर कारवाई करा. पोच घेतली, स्टेटसला ठेवली. एक्केचाळीस जणांनी बघितली. योगिता म्हणाली, ह्याच वेळात पोरीची दोन पानं वाचून झाली असती. तिला सिस्टीम कळत नाही.

२९ जुलै
उद्या चौकशीला विस्तार अधिकारी येणार! पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

३० जुलै, दुपारी ३
साहेबांनी माझी तक्रार सगळ्यांसमोर वाचली. चांगली वाटली ऐकायला. मग अंगद सरांना विचारलं, समितीला हे माहीत का नव्हतं? त्यांनी फक्त समितीच्या बैठकांचं रजिस्टर टेबलावर ठेवलं.
चौदा महिने, चौदा बैठका. दर पानावर तोच ठराव : विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक आहे. खाली अध्यक्ष म्हणून माझं नाव आणि माझीच सही. बैठक एकही झालेली नाही. रजिस्टर हॉटेलात यायचं, मी चहा पीत सही करायचो. सगळीकडे असंच चालतं. साहेबांना म्हणालो, सर, ह्या नुसत्या सह्या आहेत, माझं मत नाही. कुणी हसलं नाही.
मग त्यांनी सायलीला बोलावलं आणि समोरचंच पान पुढे केलं. वाच बेटा. तिनं बोट ठेवलं. वि... वि... मग थांबली. प्र... पुन्हा थांबली. सरांनी खाली बघितलं. मीही. बोट घसरत तळाशी गेलं आणि पोरीनं एका दमात वाचलं, अध्यक्ष, सोमेश्वर! माझ्याकडे बघून हसली.
साहेब म्हणाले, हे बरं वाचलंस, कुणी शिकवलं?
ती म्हणाली, बॅनरवर हाय की, पप्पाच्या. लई ठिकाणी लावलेत.
साहेबांनी शेरा लिहिला आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. अध्यक्षांच्या स्वतःच्या पाल्यास वाचन येत नाही, अध्यक्षांना चौदा महिने त्याची माहिती नव्हती.
सही केली. आधी वाचलं.