बक्षिसाची नजर

नगरा, झाशी
ता. १२ ऑक्टोबर १९३४

ती. दादांस, भानुमतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडील क्षेम. रेल्वेच्या नव्या साहेबाने तिकीटतपासनिसांना प्रत्येक बिनतिकीट उतारू धरण्यामागे बक्षीस लावल्यापासून तुमच्या मेहुण्यांची नजर पालटली आहे. तिकीट मागण्याआधीच, माणूस कसा बसला यावरून ते भीती ओळखतात. टेसनवर सगळे त्यांना ज्योतिषीजी म्हणतात.

घरी मात्र काळजी आहे. धाकट्या वन्सं, शारदा, एरचहून माहेरी आल्यात. मूल नाही म्हणून सासरी छळ. घास हातातच राहतो, दाराची कडी वाजली की दचकतात. मी यांना म्हटले, तिला परत धाडू नका. तर म्हणाले, मी विचारलं, ठीक हूँ म्हणाली, मला तर नेहमीसारखीच दिसते. तुम्ही दोन ओळी लिहा, तुमचे ऐकतील.

वहिनींस नमस्कार. बहिणीवर माया असू द्यावी.
भानुमती

भुसावळ
ता. १९ ऑक्टोबर

चि. सौ. भानूस अ. उ. आ.

रामकृष्णरावांना लिहिले आहे. पण त्यांच्यावर रागावू नकोस. चेहरा वाचणे हे बायकांचे काम. आम्हा पुरुषांना देवाने ती नजर दिलीच नाही. तुझी वहिनी रुसली की मला शेजारीण येऊन सांगते. शारदेला तूच जप.

पत्र धाडीत जा, म्हणजे आम्हांसही बरे वाटते.
दत्तात्रेय

नगरा, झाशी
ता. २० नोव्हेंबर

ती. दादांस, सा. नमस्कार.

तुमचे पत्र आले त्याच्या आदल्या दिवशीच वन्संना न्यायला त्यांचे दीर आले होते. यांनी स्वतः गाडीत बसवून दिले. आठवडाभरात एरचहून तार आली. वन्संनी बेतवा नदीत जीव दिला.

दिवसकार्य झाले. आता हे म्हणतात, बायकांचं बायकांनाच कळतं, तू का अडवलं नाहीस. मी सांगितलेले त्यांना स्मरत नाही.

दादा, देवाने नजर दिली नाही असे पुन्हा लिहू नका. त्या दिवशी त्याच डब्यात यांनी एक बिनतिकीट बाई उतरवली. तिने तोंडही उघडले नव्हते, नुसत्या मानेवरून ओळखली, असे घरी येऊन कौतुकाने सांगत होते. तिच्या शेजारीच वन्सं बसल्या होत्या.

काल मी विचारले, तेव्हा शारदेचा चेहरा कसा होता. त्यांना आठवेना.

मला काही दिवस न्यायला या. तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.
भानुमती