सळई, पंखे आणि माझा अंदाज

३ मार्च, सकाळी ६
आजपासून कूलिंग लाइनचा इनचार्ज मी. काम सोपं आहे. लालबुंद सळई पट्ट्यावरून सरकते, खालून सहा पंखे वारा मारतात. झटकन गार झाली की कडक, सावकाश झाली की नरम. लॅबच्या बाईंनी पंख्यांचा तक्ता भिंतीवर लावलाय. बावीस वर्षं मिलमध्ये काढलेल्या माणसाला तक्ता लागत नाही. रंग बघून कळतं.

दुपारी ३
सहाही पंखे फुल. ताकद भरपूर आली. बाईंनी वाकवून बघितली तर दोन तुकडे. म्हटलं, स्वाभिमानी सळई आहे, वाकायची नाही. बाई हसल्या नाहीत.
वाकवायचं मशीन जुनं झालंय.

४ मार्च
बायकोला सगळं समजावलं. तिने विचारलं, मग तक्त्याप्रमाणे का करत नाही? इंजिनिअरिंग न शिकलेल्यांना असे प्रश्न पडतात. मीही शिकलेलो नाही, पण ते वेगळं.

६ मार्च
चार पंखे बंद. ताकद कमी पडली. क्रेनवाल्याने विचारलं, साहेब, ही सळई की नाडी? दुर्लक्ष केलं.

८ मार्च
सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस नमुना तपासणार. पास झाला तर वर्षभराचं काम, नाहीतर दुसरी पाळी बंद. क्रेनवाला त्याच पाळीत. मॅनेजर म्हणाले, तक्ता पाळा. हो म्हटलं. थोडा अनुभवाचा हात फिरवीनच.

९ मार्च
हात फिरवायला पंख्याखाली वाकलो. कंबर धरली. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस आडवे पडा. मॅनेजरना फोन केला, तपासणी पुढे ढकला. ते म्हणाले, अजिबात काळजी करू नका, चांगला आठवडाभर आराम करा. माणूस प्रेमळ आहे.

११ मार्च
क्रेनवाला भेटायला आला. नमुना पास. वाकला, तुटला नाही, ताकदही हवी तेवढी. पंखे कोणी सांभाळले? म्हणाला, बाईंनी तक्त्याप्रमाणे लावले, मग कोणी हातच लावला नाही.
पाया मीच घातला होता.
जाताना त्याने माझी उशी नीट केली.

१७ मार्च
रुजू झालो. बदली पॅकिंगला. गार झालेल्या सळयांच्या भाऱ्यांना लेबलं लावायची. दोनशे लावली. एकही चुकलं नाही. घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, छान.
आणखी काही म्हणेल म्हणून जरा वेळ थांबलो.