गाळायला सांगितलेले युद्ध

चिंचवड, ९ डिसेंबर १९५६

तात्यांनी माझ्या भाषणाच्या कागदावर बोट ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, एवढं युद्ध गाळा." तात्या आमच्या वाचनालयाचे चिटणीस. उद्या संध्याकाळी तिथे मी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन अध्यक्षावर बोलणार आहे. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांशी तो लढला आणि देश एक ठेवला, तेवढा भाग तात्यांना नको.

"समोर बसणारे संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेत. दिल्लीचे वकील म्हणतील तुम्हाला. पहिल्या रांगेतले गणपतराव तर वहाणा हाताशी घेऊनच बसतात."

हसलो. पण आपण कुठे फुटून निघतो आहोत? देशात राहूनच मराठी राज्य मागतो. मीही मागतो. एवढा फरक लोकांना कळणार नाही, असे तात्यांना का वाटावे? की भीती मलाही आहे? युद्ध गाळले तर एक सज्जन माणूस एके दिवशी उठला आणि त्याने गुलाम सोडले, एवढेच उरते. ते खोटे आहे.

१० डिसेंबर. सकाळी तात्यांना सांगितले, बोलेन तर युद्धासकट. त्यांनी ओल्या फडक्याने वाचनालयाच्या फळ्यावरचे माझे नाव पुसले आणि तिथे 'आज संध्याकाळी भजन' असे लिहिले.