तीन कोटेशनं आणि एक सही

४ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. लग्न ठरलं. सत्तावीस तारीख, शुक्रवार, सकाळी साडेअकरा, रजिस्ट्रारच्या ऑफिसात. थाटमाट काही नाही. तीन साक्षीदार लागतात. दोन जावयाचे मित्र. तिसरा मी. पहिली सही तुमचीच हवी बाबा, असं म्हणाली. मी म्हटलं, बघतो. (हे बरं बोललो नाही. पण तोंडातून तेच आलं. ऑफिसात एकतीस वर्षं हेच म्हणत होतो.)

बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता विमानाचं डायरेक्ट तिकीट काढा आणि मोकळे व्हा.

असं मोकळं होता येत नाही. एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात परचेस सांभाळलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा झाडू घेतला नाही. उद्या शांतपणे बसायचं.

५ मार्च

कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार. चौकटीच्या कागदावर, पट्टीने रेघा मारून.

पार्टी नंबर एक, डायरेक्ट. पावणेदोन तास. दर निर्लज्ज.
पार्टी नंबर दोन, मध्ये एक थांबा. दर मध्यम. थांबा सात तासांचा.
पार्टी नंबर तीन, लेकीच्या शहराचा दुसरा विमानतळ, ‘दक्षिण’. दर डायरेक्टच्या एक तृतीयांश!

एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, नंबर तीन. प्रश्नच मिटला.

बायकोने विचारलं, हा दक्षिण विमानतळ नक्की आहे कुठे? मी म्हटलं, नावातच शहराचं नाव आहे. ती म्हणाली, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिला परचेसमधलं कळत नाही.

एक जुनी आठवण आली. ओतकामाच्या एका पार्टीने एकदा सगळ्यात कमी दर भरला होता. सगळे खूश. मीच शोधून काढलं की दर त्यांच्या फाटकापर्यंतचा आहे, वाहतूक आपल्या डोक्यावर. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आता असे डोळे कुणाला आहेत?

१० मार्च, मंगळवार, दुपार

तिकीट काढलेलं नाही. मंगळवारी दुपारी दर पडतात असं ऐकलं होतं. पडले नाहीत, चढले. गरजू पार्टी ओळखतात लेकाचे. दोनदा पान उघडलं की त्यांना कळतं. बायकोच्या फोनवरून पाहिलं. तोच दर. ती म्हणाली, म्हणजे ते मलाही ओळखतात.

कंटाळा आला. दुपारी झोपलो.

१२ मार्च

मेहुण्याने न्हाव्याकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या बसल्या डायरेक्ट तिकीट काढलं. स्वतःचं आणि बहिणीचं, चोवीस तारखेचं. बायकोने शिकवण्यांच्या पैशातून त्याला लगेच देऊनही टाकले. तुमचंही काढू का भाऊजी, असं विचारत होता. मी म्हटलं, माझी फाईल वेगळी चालू आहे. तो हसला. हा माणूस भाजीसुद्धा पहिल्या गाडीवर घेतो.

१५ मार्च, रविवार

पेन घेतलं. शाईचं, काळं, सोनेरी निबाचं. किंमत स्टेटमेंटमध्ये धरायची नाही, हा वेगळ्या हेडचा खर्च आहे. दुकानदाराकडे कोटेशन मागितलं नाही. दाखवलं, आवडलं, घेतलं. असं आयुष्यात प्रथमच.

संध्याकाळी जुन्या पेनने सहीचा सराव; नव्याची पहिली सही रजिस्टरवरच. पूर्वी रोज शंभरेक सह्या व्हायच्या. निवृत्तीनंतर कुरिअरवाल्याच्या यंत्रावर बोटाने गिरगटतो तेवढंच. पहिल्या पाच-सात सह्या म्हाताऱ्या आल्या. मग हात बसला. शेवटचा फराटा पूर्वीसारखा जमला तेव्हा उगाच उठून खोलीत एक फेरी मारली.

१७ मार्च

तिकीट काढलं! एल-वनलाच ऑर्डर. वाट पाहण्याच्या नादात दर थोडा वाढला, पण तत्त्व टिकलं. सीट निवडायचे पैसे: नाही. बॅगेचे पैसे: नाही. विम्याचे: नाही. सगळीकडे ‘नाही’ दाबताना मोठी मजा आली.

ही कंपनी सोमवारी आणि शुक्रवारीच उडते. म्हणजे लग्नाच्या दिवशीच सकाळी पोचायचं. परतीचंही जोडून घेतलं तर आणखी सवलत होती, म्हणून त्याच संध्याकाळचं घेतलं. बायकोने तिकीट दोनदा वाचलं. म्हणाली, पोरीच्या लग्नाला जाताय की बँकेत? मी म्हटलं, काम तर एका सहीचं आहे.

ती उठून आत गेली. पटलं असावं.

१८ मार्च

दक्षिण विमानतळ शहरापासून एकशे तीस किलोमीटर आहे. दक्षिणेलाच आहे, तेवढं खरं. तिथून कंपनीची बस मिळते. सव्वादोन तास. तिकीट वेगळं. स्टेटमेंटमध्ये ‘इतर’ असा एक रकाना वाढवला. फरक अजूनही आपल्याच बाजूने. थोडा.

लेकीला फोनवर सांगितलं. ती मग म्हणाली, आदल्या दिवशीच या ना बाबा, माझ्याकडेच राहा. मी म्हटलं, आता ऑर्डर गेली. हिशोब असा: विमान आठ वीसला उतरणार. बस पावणेनऊला. अकराला शहरात. अर्धा तास हातात. अर्ध्या तासात मी पूर्वी टेंडर उघडून बंद केलेली आहेत.

२४ मार्च, मंगळवार

बायको आणि मेहुणा गेले. जाताना गॅस, कडीकुलूप, दूध यांच्या सूचना. दारातून परत वळून म्हणाली, अजूनही वेळ आहे, डायरेक्ट काढा. मी हात हलवला.

जेवून, भांडी घासून, जरा आडवा झालो तोच तिचा फोन: पोचलो, लेकीच्या घरी चहा पितोय. विमानतळापासून वीस मिनिटं लागली म्हणे. पैसे फेकले की काय, कुणीही पोचतो.

घर फार शांत आहे.

२६ मार्च

बॅग सीटखाली मावेल एवढीच चालते. मापाचं खोकं करून पाहिलं. मावत नाही. उपाय: दोन शर्ट, वर स्वेटर, वर कोट, सगळं अंगावरच घालायचं. कोटाच्या आतल्या खिशात पेन, उभं. बाहेरच्या खिशात ही डायरी. आरशात पाहिलं. माणूस भारदस्त दिसतो.

उद्या चारला उठायचं. गजर दोन लावलेत.

२७ मार्च, शुक्रवार, सकाळी ६.१०

विमानतळावर. घाम. बॅग मापात बसली, मी बसलो नाही. काउंटरवरची मुलगी कोटाकडे बघून हसली. सरळ आत सोडलं. इथवर सगळं नियोजनाप्रमाणे.

६.४५

विमान यायचं आहे. तासभर उशीर. हातातला अर्धा तास गेला, आणखी अर्धा अंगावर आला. रस्त्यात भरून निघेल. बसवाले फास्ट असतात.

९.३०

उतरलो. विमानतळ म्हणजे एक लांबट खोली, एक चहाचं यंत्र आणि बाहेर शेतं. बस ठरल्या वेळी निघून गेली. अख्ख्या प्रवासात तेवढी एकच गोष्ट वेळेवर झाली. दुसरी बस उभी आहे. कधी सुटणार विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, भरली की.

टॅक्सी एकच आहे. दीड तासात नेऊन सोडतो म्हणाला. म्हणजे अकरा. वेळेत! दर विचारला. डायरेक्टच्या तिकिटाएवढा. तरी म्हटलं, हरकत नाही, प्रसंगच तसा आहे. फक्त आणखी दोन दर घेऊन बघू. इथे टॅक्सी येतच असतील.

९.५०

दुसरी टॅक्सी आली नाही. पहिलीत एक जोडपं बसून गेलं. त्यांनी दर विचारलासुद्धा नाही. मी फाटकाशी उभा राहून तिची धूळ बसेपर्यंत बघत होतो.

गाढवा.

(हे टॅक्सीवाल्याला नाही.)

१०.२५

बस भरली. सुटली.

११.४०

शेतं. लेकीचा फोन: कुठे आहात बाबा? मी म्हटलं, पोचतोच. तिने विचारलं, म्हणजे कुठे? मी बाहेर पाहिलं. एक म्हैस होती. म्हटलं, जवळच. ती म्हणाली, पुढच्या जोडप्याला आधी जाऊ देते, तुम्ही सावकाश या.

१२.१०

पुन्हा फोन. या वेळी बायको. दोनदा नंबर सोडला, आता शुक्रवारचं ऑफिस साडेबारालाच बंद होतं, थेट सोमवारीच उघडणार. काय करायचं ते सांगा, म्हणाली. मागे कुणीतरी हळू बोलत होतं, लेकच असावी. मी म्हटलं, उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. आवाज खणखणीत होता. असावा. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी ५.१५, बस स्टँड

आता सगळं नीट लिहितो.

एक वाजून गेल्यावर पोचलो. सगळे ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे होते, माझ्यासाठीच. वरातीमागून घोडं, असं मेहुणा म्हणणार हे धरूनच चाललो होतो. उत्तरही तयार ठेवलं होतं. तो नुसता पुढे आला आणि हातातली बॅग घेतली. ते जास्त लागलं.

लेक गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, किती भिजलात घामाने, कोट काढा आधी. कोटाखाली स्वेटर निघाला, स्वेटरखाली शर्ट, त्याखाली आणखी एक शर्ट. सगळे हसले. मीही हसलो. हसताना तिचे डोळे पाहिले, लाल होते. लग्नात मुली रडतात, असं मनाशी म्हटलं. पण ही रडणाऱ्यांतली नाही.

क्लार्क कुलूप लावत होता. जावयाने त्याला विनंती करून रजिस्टर उघडायला लावलं. साक्षीदार क्रमांक एकच्या रकान्यात बायकोची सही. दोऱ्याने टेबलाला बांधलेल्या पेनने केलेली. तिने इतकी वर्षं प्रत्येक कागद माझ्याकडे सरकवला, सही हेच करतील म्हणून. कधी विचारलंच नाही तिला. अक्षर सुरेख आहे. सरळ, स्वच्छ, एकही फराटा नाही.

ती एवढंच म्हणाली, शेवटपर्यंत ती जागा रिकामी ठेवायला सांगत होती तुमची पोर.

जेवण झालं. सगळे आग्रहाने वाढत होते. लेक म्हणाली, आता राहा आठ दिवस, परतीचं तिकीट जाऊ दे. राहणार होतो. खरंच राहणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. लेकीने मान खाली घालून पुढचा घास घेतला. मग मलाही शब्द मागे घेता येईना.

ती आणि जावई स्टँडपर्यंत सोडायला आले. त्याच नव्या कपड्यांत. मला खिडकीची जागा पकडून दिली. पोचल्यावर फोन करा म्हणाली. पेनाचं सांगायचं राहून गेलं.

बायको आठ दिवसांनी येईल. डायरेक्टने.

मघाशी स्टेटमेंटचा कागद काढला. वाहतूक धरून बेरीज करायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. कागदाची घडी करून पायाखाली टाकली. मग परत उचलली, गाडीत कचरा नको. ड्रायव्हर म्हणतो, भरली की सुटेल.

पेन प्रवासात गळलं नाही. शाईही एकसारखी येते. ही नोंद त्यानेच लिहिली. पहिली सही अजून व्हायची होती, म्हणून इथेच खाली केली. फराट्यासकट उत्तम आली आहे.