बिनमातीचं मूळ

बुधवार, संध्याकाळ

आज कॅक्टसला मूळ दिसलं. एकच, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.

समुद्रपूरच्या उन्हात त्याचे हाल होतील म्हणून मीच त्याला महिनाभर कूलरसमोर ठेवलं होतं. थंडाव्यानंच बुडाशी सडला बिचारा. बोट लावलं तर आतच गेलं. सासूबाईंनी सडका भाग कापून टाकला, कापाला हळद लावली आणि उरलेला शेंडा पेपरवर आडवा ठेवला. थोडं पाणी देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "काऊन घाई करून राह्यली? वाळू दे त्याले."

तीन आठवडे ना माती, ना पाण्याचा थेंब. मग ही कणी आली कुठून? चारदा जाऊन पाहिली.

आता कूलर बंद करून कधीची त्याच्यापाशी घामाघूम बसले आहे.